वाचकांचे प्रश्न: साइटचं गेट आणि बाहेरचा रस्ता

यावेळची पत्रं एकत्र वाचताना गंमत वाटली. शेजारी कंत्राटदारावर चिडलेत, कंत्राटदार काँक्रीटच्या प्लँटवर, साइट इंजिनिअर साहेबांवर आणि ड्रायव्हरच्या घरचे सगळ्यांवरच. भांडणाची जागा मात्र सगळ्यांची एकच आहे, साइटचं गेट आणि त्याच्या बाहेरचा थोडासा रस्ता. माझी नोकरी बहुतेक याच जागेवर झाली, एका हातात चलानांची, म्हणजे मालासोबत येणाऱ्या पावत्यांची, चळत आणि दुसऱ्या हातात फोन. तेव्हा उत्तरंही तिथूनच देते.

प्रश्न: ताई, आमच्या घरासमोर मोठी इमारत उभी राहतेय. स्लॅबच्या दिवशी उजाडायच्या आत सहा-सात मिक्सर इंजिन चालू ठेवून गल्लीत रांगेनं उभे असतात. सुपरवायझरला विचारलं तर म्हणतो, "काँक्रीट आहे, थांबवता येत नाही." हे खरं आहे का? आणि एवढ्या गाड्या खरंच लागतात का?

अर्धं खरं आहे. काँक्रीट थांबत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते तुमच्या दारात उभं राहता कामा नये. प्लँटवर सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. साधारण दीड ते दोन तासांत ते ओतून व्हायला हवं, कडक उन्हात त्याहून लवकर. गल्लीत पाऊण तास उभी राहिलेली गाडी तेवढा वेळ फुकट घालवते. मग माल घट्ट झाला म्हणून कुणीतरी ड्रममध्ये पाणी मारतो आणि काँक्रीटची ताकद तिथेच उतरते. सुपरवायझरशी बोलताना तुमच्या झोपेचा विषय नंतर काढा, आधी हा काढा. लवकर हलेल.

इंजिन बंद करा असं ड्रायव्हरला सांगून उपयोग नाही. ड्रम त्याच इंजिनावर फिरतो, आणि भरलेला ड्रम फिरायचा थांबला तर माल आतच बसतो. त्यामुळे आवाज बंद करायचा तर गाडीच तिथे नसली पाहिजे.

आता गाड्यांचा हिशोब. समजा स्लॅबला 120 घनमीटर काँक्रीट लागणार. एका मिक्सरमध्ये 6 घनमीटर बसतं, म्हणजे 20 खेपा. काँक्रीट वर चढवणाऱ्या पंपाच्या माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो, माणसं पाइप सरकवतात, व्हायब्रेटर फिरवतात, मध्ये पाणी पितात, हे सगळं धरून तासाला 30 घनमीटर पडलं तरी चांगलं. म्हणजे एक गाडी 12 मिनिटांत रिकामी होते. एका फेरीला किती वेळ? प्लँटवर भरायला 10 मिनिटं, यायला 35, गेटवर चलान आणि स्लंप (म्हणजे माल किती घट्ट-पातळ आहे ते) बघायला 8, ओतायला 12, माल उतरायची घसरण धुवायला 5, परत जायला 30. झाली 100 मिनिटं. भागिले 12, म्हणजे सव्वाआठ, तेव्हा 9 गाड्या लागतात. त्यांतली साइटवर एका वेळी एक रिकामी होत असते, एक तिच्या मागे तयार असते आणि बाकीच्या प्लँटवर किंवा वाटेत असतात. तुमच्या गल्लीत सात उभ्या आहेत याचा अर्थ प्लँटनं सकाळी सगळ्या एकदम सोडून दिल्या. प्लँटला ते सोयीचं असतं, कारण त्याचं आवार मोकळं होतं.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. गल्लीपासून लांब, कुणाच्या दारात नाही अशी एक थांब्याची जागा ठरवायची आणि गेटवरच्या माणसानं फोन केल्याशिवाय तिथून गाडी हलवायची नाही. पंप अडकला की दुसरा फोन प्लँटला: पुढची भरू नका. हा फोन करणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर शेजाऱ्यांकडे असलाच पाहिजे, तेवढं मागून घ्या. आणि स्लॅबची तारीख आदल्या दिवशी कळवायला सांगा. तारीख माहीत असलेला शेजारी आपली गाडी आदल्या रात्रीच दुसरीकडे लावतो. याचा फायदा साइटलाच जास्त होतो, पण हे मी अजून कित्येक साहेबांना पटवू शकलेले नाही.

प्रश्न: मी नुकतीच साइट इंजिनिअर म्हणून लागले आहे. साहेबांनी "ट्रॅफिक प्लॅन बनव" म्हणून दुसऱ्या प्रकल्पाची फाइल दिली आणि नाव बदलायला सांगितलं. त्यात बाणच बाण आहेत. मला खरंच काहीतरी उपयोगाचं करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

ती फाइल मिटून ठेव. बाण शेवटी काढायचे असतात. सुरुवात मालाच्या यादीपासून कर, कारण प्रत्येक गाडी कुठल्या तरी मालामुळे येते.

खोदाईचंच घे. खड्डा 40 मीटर लांब, 30 रुंद, 6 खोल. झाले 7200 घनमीटर. पण जमिनीतली माती उकरली की फुगते. साधी माती सुमारे पावपट वाढते, फोडलेला खडक त्याहून बराच. पावपट धरली तर 9000 घनमीटर माती डंपरमध्ये भरायची आहे. डंपर 14 घनमीटरचा असेल तर जवळपास 643 खेपा. खड्ड्याच्या मापावरून थेट भागाकार केला असता तर 514 आल्या असत्या. प्लॅनमधून गायब होणाऱ्या गाड्या बहुधा इथेच गायब होतात. प्रत्येक खेप गेटमधून दोनदा जाते, रिकामी आत आणि भरलेली बाहेर. हे काम 30 दिवसांत करायचं तर दिवसाला 21-22 खेपा, म्हणजे गेटवर 43 वेळा हालचाल. दहा तासांच्या दिवसात दर 14 मिनिटांना एक. ऐकायला काहीच नाही.

पण पोकलेन तसं चालत नाही. एक घनमीटरची बकेट वीस-पंचवीस सेकंदांत एक फेरी करते, म्हणजे पाच-सहा मिनिटांत डंपर भरला. ऑपरेटरला मोकळं सोडलंस तर दिवसभराची माती तो अडीच तासांत काढून ठेवेल आणि डंपरवाले सगळे सकाळीच येऊन उभे राहतील. त्यामुळे मशीनचा वेग हा साइटचा वेग धरायचा नाही. बाहेरचा रस्ता, चौक आणि माती टाकायची जागा तासाला किती गाड्या पचवू शकतात ते आधी बघायचं आणि मशीनला तेवढंच काम द्यायचं. ऑपरेटर कुरकुर करेल. करू दे.

असाच हिशोब सळई, विटा, पाइप, फरशी, लिफ्टचे भाग, राडारोडा या सगळ्यांचा कर आणि महिन्यांप्रमाणे एका मोठ्या कागदावर मांड. सरासरी काढत बसू नकोस, सरासरीनं रस्ता कधीच अडत नाही. कुठल्या आठवड्यात खोदाईचा शेवट, पहिल्या राफ्टचं (पायातल्या सलग जाड स्लॅबचं) काँक्रीट आणि सळईचे ट्रेलर एकमेकांवर चढतात ते शोध. तो आठवडा सापडला की तुझा प्लॅन निम्मा झाला, कारण त्या आठवड्यात काय कधी येणार हे ठरवलं की बाकीचे आठवडे त्याच नियमात बसतात.

नंतर रस्त्यावर जा, पायी. नकाशावर गल्ली सहा मीटर दिसते, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर तीन उरते. वर बघ: लोंबत्या वायरी, झाडाच्या फांद्या, कमान. मिक्सर जवळपास चार मीटर उंच असतो. सळई बहुतेक वेळा 12 मीटर लांबीची येते आणि ती आणणाऱ्या ट्रेलरची मागची चाकं वळताना पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतला कोपरा कापून जातात. कोपऱ्यावर कुणाचं कुंपण किंवा विजेची पेटी असेल तर ती पहिल्याच आठवड्यात जाते. शंका असेल तर सुट्टीच्या दिवशी रिकामा ट्रेलर बोलावून वळवून बघ. तासाभराचं काम आहे. वाटेतली शाळा, दवाखाना, बस थांबा यांच्या वेळा तिथल्या माणसांना विचारूनच लिही. सुटायची वेळ अर्ध्या तासानं चुकली तर तुझा सगळा तक्ता चुकतो.

मग गेट. इथे मी जरा रेंगाळते, कारण रस्त्यावरचे निम्मे गोंधळ गेटच्या जागेमुळे होतात. नेहमीचं चित्र असं असतं: गेट थेट रस्त्याच्या कडेला, वॉचमन बाहेर येऊन चलान बघतोय, वहीत लिहितोय, पेन चालत नाही म्हणून दुसरं आणायला जातोय, आणि आठ-नऊ मीटरची गाडी तोंड गेटला लावून मागचा सगळा भाग रस्त्यात ठेवून उभी. मागच्यांनी हॉर्न सुरू केले की वॉचमन आणखी गडबडतो. म्हणून गेट निदान एका गाडीच्या लांबीइतकं आत घ्यायचं. जागा नसेल तर गाडी आधी पूर्ण आत घ्यायची आणि चलान नंतर बघायचं. दारं आतल्या बाजूला उघडणारी किंवा सरकणारी हवीत. वजनकाटा असेल तर त्याची रांगही आतच मावली पाहिजे. आत शिरताना समोरून येणारी वाहतूक कापावी लागणार नाही अशा दिशेनं गाड्या आण, चार चौक फिरून यावं लागलं तरी.

आणि आतला रस्ता असा आख की गाडी सरळ आत येईल, गोल फिरेल आणि सरळ बाहेर पडेल. जिथे मागे घ्यावीच लागणार नाही, तिथे मागे घेताना होणारा अपघातही होत नाही. ब्रिटनमध्ये 2015 साली लागू झालेल्या बांधकाम नियमांमध्ये साइटवरची वाहतूक आणि पायी चालणारी माणसं यांच्यासाठी स्वतंत्र विचार सक्तीचा आहे. तिथल्या मार्गदर्शनात पहिली अपेक्षाच ही असते की माणसं आणि गाड्या वेगळ्या ठेवा आणि रिव्हर्स टाळा. कामगारांना वेगळं दार दे. सकाळी हातात डबा घेऊन मोठ्या गेटमधून डंपरच्या बाजूनं घुसणारी माणसं तू बघितलीच असशील.

आता बाण काढ. आणि पाया संपून वरचे मजले सुरू झाले की पुन्हा काढ, कारण तोपर्यंत तुझा गोल रस्ता इमारतीखाली गेलेला असतो. साहेब फाइलचं विचारतील तेव्हा त्यांना तो वाईट आठवडा दाखव.

प्रश्न: बांधकामवाल्यांनी पत्रा लावून फूटपाथच आत घेतला. मुलं शाळेत जाताना रस्त्यावर उतरतात, त्याच रस्त्यावरून डंपर. "पुढून जा" अशी पाटी लावली आहे. एवढं पुरेसं आहे का?

नाही. फूटपाथ बंद केला की माणसं पलीकडे जात नाहीत, पत्र्याला चिकटून रस्त्यावरून चालतात. शंभर मीटरचा वळसा कुणीही घेत नाही, मीही घेणार नाही. माणूस जसा चालतो तसाच रस्ता आखावा लागतो.

फूटपाथ घ्यायचाच असेल तर त्याच बाजूला रस्त्याचा पट्टा कापून चालायची वाट द्यायला हवी. वाहतुकीच्या बाजूला हलणार नाही असा भक्कम कठडा हवा. प्लॅस्टिकची फीत आणि दोन शंकू म्हणजे कठडा नव्हे, तो नुसता निरोप झाला. वरून काम चालू असेल तर वाटेवर छप्पर. वाट इतकी रुंद की व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल, आणि रात्री दिवा. हे बहुधा परवानगीच्या अटींत असतं, तेव्हा स्थानिक कार्यालयाकडे परवानगीची प्रत मागा आणि पाटीचा फोटो सोबत जोडा.

मुलांना मात्र एक गोष्ट आजच प्रत्यक्ष दाखवा. एखाद्या उभ्या डंपरच्या ड्रायव्हरला विनंती करा आणि मुलाला क्षणभर केबिनमध्ये बसवा. तुम्ही गाडीच्या नाकासमोर, मग ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूच्या दाराजवळ उभे राहा. मुलाला तुम्ही दिसणार नाही. ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास असतात, आणि खिडकीच्या खालच्या कडेच्या आत जे असेल ते त्याच्यासाठी नसतंच. ड्रायव्हर उजवीकडे बसत असेल तर डावी बाजू सगळ्यात वाईट, आणि गाडी डावीकडे वळताना नेमकी तिथेच सायकलवाला असतो. लंडननं यासाठी 12 टनांवरच्या मालवाहू गाड्यांना केबिनमधून थेट किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. 2021 च्या मार्चपासून परवान्याशिवाय अशी गाडी शहरात आणली तर दंड होतो, आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या गाडीला जादा सुरक्षा उपकरणं लावल्याशिवाय परवाना मिळत नाही. आरशांवर विसंबून चालत नाही हे एका मोठ्या शहरानं कागदावर मान्य केलं, ते मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: माझे वडील डंपर चालवतात. अपघात कुठेही झाला की लोक "हे डंपरवाले" म्हणून सुरू होतात. बाबा पहाटे निघतात, साइटबाहेर तासन्‌तास थांबतात, तिथे संडासचीही सोय नसते, आणि पैसे खेपेवर. त्यांची बाजू कुणी मांडणार का?

मांडते. आणि तुझ्या पत्रातले दोन शब्द मोठ्या अक्षरात छापायला हवेत: पैसे खेपेवर.

गेटबाहेर दीड तास गेला की त्या दिवसाची एक खेप गेली. ती भरून काढायची जागा एकच, रस्ता. म्हणजे साइटवाला गेटवर वेळ वाया घालवतो आणि वसुली चौकातल्या माणसाकडून होते. वेग कमी करा अशा पाट्या लावून हे सुटत नाही. मी जिथे जमलं तिथे दोन गोष्टी करारात घालून घेतल्या: ठरलेल्या वेळेनंतरच्या थांबण्याचे पैसे, आणि दिवसाला खेपांची कमाल मर्यादा. पहिलीमुळे साइटवाल्यांना घाई सुटते, दुसरीमुळे ड्रायव्हरची घाई जाते. मालक आधी ओरडतात. मग टायर आणि क्लचचा खर्च बघतात आणि गप्प होतात.

थांब्याच्या जागेवर पाणी, सावली, संडास ही चैन नाही. ती नसली की ड्रायव्हर थांब्यावर थांबत नाही, सोय दिसेल तिथे गल्लीत गाडी लावतो, आणि मग पहिल्या पत्रातल्या शेजाऱ्यांना त्रास होतो. साइटवर आल्यावर त्याला दोन मिनिटं नीट समजावून सांगणारा माणूसही हवा: आत कुठून जायचं, कुठे उतरायचं नाही, सिग्नल कोण देणार. बहुतेक ठिकाणी त्याला फक्त "चल चल, पुढे घे" ऐकू येतं. बाबांना सांग, सिग्नल देणारा आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, मागून कोण काय ओरडतंय ते ऐकायचं नाही. हा त्यांचा हक्क आहे.

प्रश्न: रस्त्यावरचा चिखल कुणी साफ करायचा?

ज्याच्या साइटवरून आला त्यानं, आणि खरं तर साइटच्या आतच. गेटच्या आत मुठीएवढ्या खडीचा जाड, लांब पट्टा टाकला की चाकांचा बराच चिखल तिथेच गळतो. मोठ्या साइटवर चाकं धुवायचा हौद हवा, आणि हौदापासून गेटपर्यंत पक्का रस्ता, नाहीतर धुतलेलं चाक पुन्हा चिखलातून येतं. असे हौद मी गेटपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बांधलेले पाहिले आहेत. धुतलेलं पाणी गाळ बसायच्या टाकीत जायला हवं. रस्त्यावर पाइप लावून चिखल गटारात ढकलणं म्हणजे साफसफाई नव्हे. काँक्रीटचं धुवण गटारात गेलं तर ते आतच दगड होतं. भरलेल्या डंपरवर ताडपत्री बांधलेली असावी, नुसती टाकलेली नको.

प्रश्न: सगळी अवजड वाहतूक रात्रीच का करत नाहीत? दिवसा रस्ता मोकळा राहील.

कारण रात्री लोक झोपतात, ड्रायव्हर पेंगतो आणि कमी दिसतं. क्रेनचे भाग किंवा फार लांब गर्डर रात्री आणावेच लागतात. अशी एखादी रात्र आधी कळवली तर लोक समजून घेतात. रोजची रात्र कुणी समजून घेणार नाही. मला स्वतःला शाळा आणि ऑफिसच्या गर्दीच्या मधले दुपारचे तास सगळ्यात आवडतात. रात्री काम करावंच लागलं तर रिव्हर्सला वाजणाऱ्या टोकदार बीपऐवजी खसखस आवाजाचा अलार्म बसवून घ्या. तो कुठल्या दिशेनं येतोय ते जवळच्या माणसाला पटकन कळतं आणि लांबच्या खिडक्यांपर्यंत कमी पोचतो.

प्रश्न: आमच्या गल्लीचा रस्ता पाच-सहा महिन्यांत उखडला. कंत्राटदार म्हणतो, तुमच्याही गाड्या याच रस्त्यावरून जातात.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा इथे 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला आणि रस्त्यांचे अभियंते आजही ढोबळमानानं वापरतात तो नियम असा: रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या आसपास वाढते. तुमच्या कारच्या एका आसावर 0.8 टन आणि डंपरच्या एका आसावर 8 टन धरा. वजन दहापट, झीज सुमारे 10,000 पट. हा आकडा कंत्राटदाराला सांगा. त्याला तो शिकताना कळलेला असतो, तुम्हालाही माहीत आहे एवढंच त्याला कळू दे. पुढच्या वेळी काम सुरू व्हायच्या आधी रस्ता, चेंबरची झाकणं, कडेचे दगड यांचे तारखेसह फोटो दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन ठेवा.

प्रश्न: मी छोटी घरं बांधतो. अरुंद गल्ली, माल ठेवायला जागा नाही. हे प्लॅन वगैरे मोठ्या साइटसाठी ठीक, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

जागा नसलेल्यांनाच प्लॅन जास्त लागतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं उदाहरण देते. 102 मजल्यांची इमारत, 1930 च्या मार्चमध्ये काम सुरू, 1931 च्या मे महिन्यात उद्घाटन, आणि भोवती शहराचे गजबजलेले रस्ते. पोलादी भाग पिट्सबर्गहून रेल्वेनं न्यू जर्सीतल्या आवारात यायचे, तिथून तराफ्यावरून नदीपार आणि मग ट्रकनं साइटवर. विटांचे ट्रक रस्त्यावर रिकामे करत नसत. ते इमारतीच्या आत शिरायचे, विटा घसरणीवरून तळघरातल्या हौदात पडायच्या, आणि तिथून गाड्यांत भरून वर. प्रत्येक मजल्यावर रूळ टाकून माल ढकलत नेत. कुठला ट्रक केव्हा यायचा हे आधी छापलेलं असे. तेव्हा मोबाइल नव्हता हे लक्षात घ्या.

तुम्ही एवढं करणार नाही, करायचीही गरज नाही. पण दुकानदाराला "उद्या कधीही पाठव" म्हणायचं बंद करा. दिवसाच्या तासातासाच्या चौकटी आखा, एका चौकटीत एकच गाडी, आणि वेळ चुकली तर ती गाडी दिवसाच्या शेवटी. हे पहिल्या आठवड्यात दोनदा पाळलंत की पुरवठादार शिकतात. अवघड एवढंच की स्वतःलाही पाळावं लागतं.

गल्लीत छोट्या गाड्या आणाव्यात का, हा खरा पेच आहे. एका मोठ्या ट्रकचा माल चार टेंपोंत आणलात तर वळणं सुटतात, पण गाड्या चौपट होतात. गल्लीच्या तोंडाशी उतरवून आत हातगाडीनं नेणं कधीकधी दोन्हींपेक्षा बरं. जवळपास तुमच्यासारखे आणखी दोघं-तिघं बांधत असतील तर एकत्र गोदाम घ्या आणि रोज लागेल तेवढाच मिसळ माल एका गाडीत आणा. लंडनमध्ये 2005 पासून दक्षिणेला असं एक सामाईक गोदाम चालवून बघितलं होतं. साइटवर येणाऱ्या गाड्या सुमारे दोन-तृतीयांशांनी कमी झाल्या, कारण अर्धवट भरलेल्या गाड्या फिरायच्या बंद झाल्या. काँक्रीट आणि माती या योजनेत बसत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्या उत्तरातला फोनच.

प्रश्न: साइटवर रिव्हर्स घेताना सिग्नल द्यायला आम्ही दोघं असतो. एक मागे, एक बाजूला. दोघांनीही हात दाखवायचा का? आणि शिट्टी की झेंडा?

दाखवायचा एकानंच. कोण दाखवणार ते ड्रायव्हरला आधी तोंडी सांगा आणि त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाचं जाकीट असू द्या. दुसऱ्यानं गाडीकडे पाठ करून फक्त रस्त्यावरची माणसं अडवायची. "थांब" हा इशारा मात्र दोघांनीही द्यायचा, खरं तर कुणीही द्यायचा. शिट्टी इंजिनाच्या आवाजात जाते. झेंडा किंवा हात चालेल, रात्री दिवा. गाडीच्या बरोबर मागे उभं राहू नका, बाजूला, आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल अशा जागी राहा. त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

पुढच्या अंकासाठी क्रेन आणि लिफ्टबद्दलची पत्रं बाजूला ठेवली आहेत.